चोवीस काळे पट्टे

त्या सोमवारी साडेदहा वाजायच्या आत उंदीरमामाने चोवीस उंदीर मारले. हात एकदाही थरथरला नाही. पँटच्या खिशात एक छोटी बाटली होती आणि खाली वाकलं की ती मांडीला टोचत होती. त्या बाटलीने त्याला बुधवारी संध्याकाळी पंचविसावा जीव घ्यायचा होता. तो उंदराचा नव्हता. तो त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा होता.

उंदीरमामा म्हणजे संशोधन संस्थेतलं ॲनिमल हाउस, म्हणजे प्रयोगाच्या उंदरांचं तळघर, सांभाळणारा माणूस. या कामाला बावीस वर्षं झाली होती. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर आलंच नाही. गेटवरच्या शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचा तो मामा. हक्काने मामा म्हणणारी मात्र एकच, त्याची सात वर्षांची भाची. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात तिला बुटकी म्हणत. मामाने लग्न केलं नाही. आई आणि तो, दोन खोल्यांचं घर, आणि तळघरातल्या सहाशे पिंजऱ्यांचा दुसरा संसार.

अंगाने तो आडवा, पंजे सुपाएवढे. नवीन आलेली मुलं त्याला पहिल्यांदा उंदीर मारताना बघायची तेव्हा काहीतरी रक्तबंबाळ बघायच्या तयारीने यायची आणि तसं काहीच घडायचं नाही. मामा पिंजऱ्यात हात घालून तसाच ठेवायचा. उंदीर आपण होऊन तळव्यावर चढला की त्याच्या पाठीवरून दोनदा बोट फिरवायचा, मग त्याला जाळीच्या झाकणावर सोडायचा. उंदराने पुढच्या पायांनी जाळी पकडली की मामा हलक्या आवाजात म्हणायचा, "चल बाळा." मानेवर लोखंडी कांडी, शेपटीला एक हिसका. टक् असा बारीकसा आवाज यायचा. झालं. शेजारी चष्मेवाली कात्री घेऊन उभीच असायची. चष्मेवाली म्हणजे बाईंच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. ती पोट उघडून यकृताचा तुकडा पंधरा सेकंदांत द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. पांढरी वाफ उसळायची, आणि मामा पुढच्या पिंजऱ्यात हात घालायचा.

एवढी घाई कशाला, हे त्याला बाईंनी पहिल्याच वर्षी दाण्याच्या पोत्यावर बसून समजावलं होतं. बाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी सांगितलं, भीती वाटली की रक्तात एक रसायन सुटतं. ते यकृताच्या पेशीच्या दारापर्यंत जातं, पण पेशी त्याला घरात घेत नाही. दारावरचं प्रथिन निरोप तेवढा घेतं आणि आतल्याला देतं, आतलं पुढच्याला, आणि असा हातोहात गेलेला निरोप शेवटी एका प्रथिनाला फॉस्फेटची खूण चिकटवतो. म्हणजे साखर बाहेर काढा, पळायचंय. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. बाई नेमक्या अशाच एका प्रथिनाच्या मागे होत्या. त्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि तीन आकडे, म्हणून चष्मेवालीने त्याचं बारसं केलं होतं: भोंगा. भोंग्याला खूण चिकटलेली असेल तरच ओळखणारी एक नवी अँटिबॉडी त्यांनी गेल्याच वर्षी तयार केली होती. घाबरलेल्या उंदराचं यकृत तपासलं की एक्स-रेसारख्या फिल्मवर काळाकुट्ट पट्टा उठायचा. निवांत मेलेल्याचा पट्टा फिका, जवळजवळ नसल्यासारखा.

"मरणाने भीतीच्या आधी पोचायला हवं," बाई म्हणाल्या होत्या. "ते माझ्या हाताने होत नाही. तुमच्या हाताने होतं."

बाहेरगावचे शास्त्रज्ञ यायचे, इतके स्वच्छ पट्टे तुम्हाला मिळतात कसे म्हणून विचारायचे, आणि बाई बोटाने खाली, तळघराकडे दाखवायच्या. मामाला त्याचा अभिमान होता. पण तो देवाला भिऊन वागणारा माणूस. रोज सकाळी कामावर निघताना तो देवापुढे उभा राहायचा आणि काही मागायचा नाही, फक्त त्या दिवसाचा आकडा सांगायचा. आज बारा. आज अठरा. ज्याने जीव घातला त्याला निदान किती काढून घेतले ते कळवावं, यापलीकडे त्याची भक्ती गेली नव्हती. त्या सोमवारी त्याने चोवीस सांगितले. पंचविसावा सांगितला नाही. बावीस वर्षांत देवापासून लपवलेला हा पहिला आकडा.

आता बहिणीबद्दल. तिला घरात धाकटी म्हणत. वडील लवकर गेले, त्यामुळे मामानेच तिला वाढवलं, शिकवलं आणि एका गॅरेजवाल्याला दिली. नऊ वर्षं झाली. पहिल्यांदा ती पाठीवर काळेनिळे वळ घेऊन आली, तेव्हा मामाच तिला परत सोडायला गेला. गॅरेजवाल्याने चहा मागवला, सासूच्या पाया पडायला मागोमाग घरी आला, डोळ्यांत पाणीही आणलं. दुसऱ्यांदा दोन बरगड्या मोडल्या होत्या. तेव्हाही मामाच घेऊन गेला. "संसार म्हटला की थोडंफार होतंच," असं तो तिला बसमध्ये म्हणाला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. कुणीही दुखावू नये, आवाज चढू नये, सगळं हलक्या हाताने निभावून जावं, हा त्याचा स्वभाव. त्या स्वभावाची शिक्षा दुसऱ्याच कुणाला भोगावी लागते, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा गॅरेजवाल्याने पान्हा उचलला. धाकटीचा जबडा दोन ठिकाणी मोडला. भर दुपारी ती बुटकीला घेऊन बसने थेट संस्थेच्या गेटवर आली, ओढणी तोंडावर धरून, आणि ओढणी लाल. तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती मामाकडे बघत राहिली. या वेळीही हा परत जा म्हणतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

मामा तसं म्हणाला नाही. पण दवाखान्यात डॉक्टरने कसं लागलं म्हणून विचारलं, तेव्हा लाजेने म्हणा, सवयीने म्हणा, त्याच्या तोंडून निघून गेलं, "जिन्यावरून पडली." डॉक्टरने तसं लिहिलं. धाकटीचे वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले. सहा आठवडे नळीने पातळ प्यायचं. आणि कागदावर जिना.

दोन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, गॅरेजवाला आला. दाराला लाथ घातली तशी कडी खिळ्यांसकट उचकटून आतल्या भिंतीवर आपटली. त्याने धाकटीचे केस मुठीत गुंडाळले आणि तिला फरशीवरून दाराकडे ओढत निघाला. तोंड बांधलेलं, त्यामुळे तिला ओरडताही येईना. नाकातून एक लांब, घुसमटलेला आवाज येत होता, तेवढाच. आई त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने झटकलं तसं तिचं डोकं चौकटीवर आपटलं आणि ती मटकन खाली बसली.

मामा न्हाणीतून ओल्या अंगाने बाहेर आला. पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. पहिला गुद्दा मामाच्या कानावर बसला. दुसरा बसायच्या आत मामाने त्याला कमरेत धरून आडवा केला. स्टुलाचा पाय मोडला, पाण्याचा हंडा उलटला, आणि त्या पाण्यात गॅरेजवाला पालथा पडला. मामाचा गुडघा त्याच्या पाठीत. डाव्या हाताने मनगट पिरगाळलेलं. उजव्या हाताला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. तो आपणच मानेकडे गेला. अंगठा एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला, कवटीच्या खाली जिथे खोलगट जागा असते तिथे. हाताला ती जागा पाठ होती. आणि मामाच्या तोंडून हलक्या आवाजात आलं, "चल बाळा."

गॅरेजवाला एकदम निपचित झाला. त्याला कळलं.

भिंतीला टेकून बुटकी उभी होती. ती किंचाळली, आणि त्या आवाजाने मामाचा हात सुटला.

गॅरेजवाला मान धरून उठला, दारापर्यंत मागे मागे गेला, आणि तिथून त्याला वाचा फुटली. बुधवारी सहा वाजता हिला गॅरेजवर आणून सोडायचं, बसून काय ते मिटवू. नाही आणलीत तर मी येईन, दोघींना नेईन, आणि मध्ये येईल त्याचं टाळकं फोडीन. एवढं बोलून तो गेला.

मामाने आईच्या डोक्याला फडकं बांधलं. मग बुटकीकडे वळला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ये बाळा." पोर भिंतीला चिकटली. तिच्या फ्रॉकखालून फरशीवर पाण्याचा ओघळ आला. मामाला आधी वाटलं, हंड्याचंच पाणी आहे.

रविवारभर त्याने विचार केला. पोलिसांत जावं, तर कागदावर जिना आहे आणि जिना आपणच घातलाय. बुधवारी बहिणीला पाठवावं, तर तिसऱ्यांदा पाठवल्यासारखं होईल. नाही पाठवावं, तर तो येईल. हे सगळं डोक्यात फिरत असताना त्याला औषधांचं कपाट आठवलं. उंदरांना गाढ झोपवायचं औषध त्यात असतं, आणि त्याची किल्ली मामाकडेच. सोमवारी सकाळी त्याने एक बाटली खिशात टाकली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, "फुटली." बुधवारी एकटंच जायचं. समजुतीचं बोलायचं, त्याच्याबरोबर प्यायला बसायचं. तो असाही दिवसभर पितोच. झोपेल आणि उठणार नाही. त्याला कळणारही नाही. जबडा मोडणाऱ्यालाही आपण न भिता मरू देतोय, ही आपली दयाच, असं मामाला खरोखर वाटलं. आणि मन शांत झालं. त्याच शांत मनाने त्याने ते चोवीस उंदीर मारले.

बुधवारी दुपारी चष्मेवाली खाली आली ती रडकुंडीला येऊन. अँटिबॉडी बिघडली असेल म्हणून तिने सगळं दोनदा करून पाहिलं होतं. जुने नमुने बरोबर येत होते, सोमवारचेच नव्हते. बाईंना वाटतंय मी डबे बदलले, म्हणाली. तिच्या पाठोपाठ बाईच आल्या आणि त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. त्या दिवशीचे चोवीसही उंदीर निवांत ठेवलेले होते. पुढच्या सगळ्या प्रयोगांचं माप त्यांच्यावरून काढायचं होतं. चोवीस फिके पट्टे हवे होते. फिल्मवर चोवीस काळे पट्टे होते, कोळशाने ओढल्यासारखे.

"मामा, सोमवारी काय झालं?"

"काही नाही. हात थरथरला असेल तर हिला विचारा."

चष्मेवालीने मान हलवली. थरथरला नव्हता.

"मी हाताचं म्हणत नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्ही हात लावायच्या आधीच ते घाबरलेले होते. एखाददुसरा असता तर मी सोडून दिलं असतं. सगळे कसे?"

"साबण बदलला का मामा?" चष्मेवालीने विचारलं. "भुसा नवीन आला का?"

"साबण तोच. भुसा तोच."

बाईंनी फिल्म टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या की माणसाच्या अंगाच्या वासानेही उंदीर घाबरतात, आणि माणूस आतून पेटलेला असला तर घाम निराळा सुटत असेल. आपल्या नाकाला नाही कळत, त्यांना कळत असणार. "कुणाशी भांडून आला होतात का?"

मामा फिल्मकडे बघत होता. त्याने आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं, देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि इथे चोवीस जणांनी मरता मरता लिहून ठेवलं होतं. त्याने खिशातून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"हा पंचविसावा," तो म्हणाला.

बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. कोणासाठी, विचारलं. बहिणीचा नवरा, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, पण ती जिन्यावरून पडली ना?

"नाही. ते मीच सांगितलं."

 बाईंनी बाटली एप्रनच्या खिशात टाकली आणि हात पुढे केला. "किल्ली." मामाने दिली. मग बाईंनी त्याला रजिस्टर आणायला लावलं, समोर बसवून 'फुटली' खोडायला लावलं आणि खरं काय ते लिहायला लावलं. मला हे वर कळवावं लागेल, म्हणाल्या, आणि कळवणार आहे.

"आता घरी जा. गॅरेजवर नाही. बहिणीला घ्या, चौकीत जा, आणि या वेळी जिना सांगू नका." जिन्यापाशी जाऊन त्या वळल्या. "त्या माणसापायी माझा एक महिना गेलाय मामा. तो भरून द्यायला तुम्ही मला इथे हवे आहात, तुरुंगात नाही."

तो साडेपाचला घरी पोचला. धाकटी बुटकीच्या शाळेच्या फ्रॉकला इस्त्री करत होती. आई डोक्याला पट्टी बांधून पलंगावर. मामा म्हणाला, "चल, चौकीत जाऊ. जिना मीच घातला होता, आता मीच काढतो." धाकटीने इस्त्री उभी केली. मग तिने बोटाने खूण केली, एवढी बाही राहिलीय, ती होऊ दे.

सहा वाजेपर्यंत थांबण्याइतका धीर गॅरेजवाल्याला नव्हता. कडी उचकटलेलीच होती. तो आत आला तो लोखंडी गज उगारूनच. पहिला तडाखा मामाच्या डाव्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. बुटकी पलंगाखाली शिरली. मामा गुडघ्यावर आला. गज पुन्हा वर गेला, या वेळी डोक्यासाठी, आणि धाकटीने तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर टेकवली आणि मनगट भिंतीशी दाबून धरलं. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. कातडी जळाल्याचा वास सुटला. गज खाली पडला. तो ओरडायला लागला, तेव्हा तिने इस्त्री उचलली आणि तिच्या टोकाने त्याच्या तोंडावर मारली. दात फरशीवर पडले. बांधलेल्या दातांमागून तिच्या घशातून जो आवाज येत होता तो नऊ वर्षांचा होता. तिसऱ्यांदा इस्त्री वर गेली ती कपाळावर उतरणार होती.

"धाकटे, पुरे," मामा म्हणाला. "याच्यासाठी तू आत नाही जायचं."

तिचे हात वरच थांबले. तेवढ्यात मामाने गॅरेजवाल्याच्या अंगावर स्वतःला लोटून दिलं आणि त्याला पालथा दाबून धरला. डावा हात लुळा पडला होता. उजवा मोकळा होता. आणि तोंडासमोर वीतभर अंतरावर ती मान, घामाने भिजलेली, मागची खोलगट जागा उघडी. धाकटी बघत होती, आई बघत होती, आणि या वेळी कुणी त्याला दोष दिला नसता. मामाने उजवा हात लांबवला आणि पलंगाचा पाय पकडला. पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं गेली. शेजारच्या शिंप्याने त्यांना बोलावलं होतं. तेवढा वेळ खालचा माणूस शिव्या देत होता, रक्त थुंकत होता, ढुशा देत होता, आणि मामाने पलंगाचा पाय सोडला नाही. बोटं पांढरी पडली, नखांत रंगाचे टवके घुसले. पलंगाखाली बुटकीच्या डोळ्यांसमोर तो हात होता. ती वीस मिनिटं त्या हाताकडेच बघत होती.

चौकीत धाकटीने चार पानं लिहून दिली. दवाखान्यात आपणच खोटं सांगितलं हे मामाने कबूल केलं, आणि दोन्ही वेळा मीच तिला परत पोचवली, हेही लिहा म्हणाला. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, अहो, स्वतःविरुद्ध कशाला लिहायला लावता? मामा म्हणाला, आकडा सांगायचा तर पूर्ण सांगावा.

गॅरेजवाला आत गेला आणि अजून आतच आहे. संस्थेत चौकशी झाली, मामाला समज मिळाली, किल्ली बाईंकडेच राहिली. दीड महिना त्याच्या हाताला मारायचं काम नव्हतं. खांदा प्लास्टरमध्ये घेऊन तो तळघरात बसायचा आणि उजवा तळवा एकेका पिंजऱ्यात नुसता ठेवायचा. पहिले आठ दिवस उंदीर कोपऱ्यात ढीग करून बसले. मामा बसून राहिला. मारायचं काम तोवर चष्मेवाली करत होती, आणि तिचे पट्टे असे राखाडी यायचे की बाई फिल्म बघायच्याच बंद झाल्या. "माझ्या हाताने उंदीर मरत नाहीत मामा," ती म्हणायची, "नुसते वैतागतात."

सातव्या आठवड्यात मामाने पुन्हा कांडी हातात घेतली. दोन दिवसांनी बाईंनी फिल्म खाली पाठवली, बरोबर चिठ्ठी नाही की निरोप नाही. पट्टे फिके होते. मामाने फिल्म उजेडात धरली आणि पट्टे एकेक करून मोजले. उंदरांना आता तो फक्त "चल" म्हणतो. पुढचा शब्द त्याने टाकून दिला.

घरातला भोंगा मात्र थांबला नव्हता. बुटकी त्याच्याशी बोलायची, पण लांबून. तो खोलीत आला की ती पाठ भिंतीला लावून बसायची. त्याने तिला बोलावलं नाही, गोड बोलून जवळ ओढलं नाही. जेवताना तळवा तेवढा जमिनीवर उघडा ठेवून बसायचा. आई एकदा म्हणाली, भीक मागतोयस का रे? तो हसला.

धाकटीच्या तारा निघाल्या आणि तिला शिंप्याकडे काम मिळालं. तिला सकाळी लवकर निघावं लागायचं. आईचे हात त्या शनिवारपासून कापत होते. एका सकाळी शाळेची वेळ झाली, बुटकी रिबिनी घेऊन खोलीत इकडून तिकडे फिरली, आजीच्या हातांकडे बघितलं, आणि मामासमोर येऊन उभी राहिली. मग वळली. त्याच्याकडे पाठ करून बसली आणि खांद्यावरून कंगवा मागे धरला.

मामाने कंगवा घेतला. केस दोन बाजूंना केले, तशी मधली मान उघडी पडली. बारीक, दोन बोटांची. खालची खोलगट जागा. तिचे खांदे कानाला लागले होते. तो हळूहळू विंचरत राहिला. एक वेणी झाली, दुसरी झाली, रिबिनीची गाठ त्याच्या जाड बोटांत चार वेळा सुटली. खांदे कधी खाली आले ते त्याला कळलं नाही.

बुटकी आरशाकडे धावली, डोकं या बाजूला आणि त्या बाजूला करून बघितलं.

"डावी वाकडी झालीय," ती म्हणाली. आणि परत येऊन त्याच्याकडे पाठ करून बसली.